माझ्या नावाचा पासवर्ड

बाबांनी चहाचा कप तोंडाला न लावताच खाली ठेवला आणि विचारलं, "तू अजून त्या कंपनीचे रिपोर्ट पाठवतेस?"

मी कणीक मळत होते. म्हटलं, कुठल्या कंपनीचे? तर अंबरनाथच्या एमआयडीसीतली ती कपड्यांचे रंग बनवणारी कंपनी, जिथं मी पूर्वी लॅबमध्ये केमिस्ट होते. ती नोकरी सोडून मला बरीच वर्षं झाली होती. मधल्या काळात कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि आता उल्हासनगरच्या एका छोट्या फर्ममध्ये कामाला आहे. आम्ही कारखान्यांचे मेल सर्व्हर बसवून देतो आणि सांभाळतो. हे सगळं बाबांना पाठ. तरी विचारत होते, आणि माझ्याकडे न बघता विचारत होते, म्हणून मी हात धुतले आणि समोर येऊन बसले.

झालं होतं असं. बाबा आयुष्यभर अंबरनाथच्या एका कारखान्यात फोरमन. तेव्हापासूनचे त्यांचे एक सिंधी मित्र आहेत, उल्हासनगरला जीन्सवर रंग चढवायचं काम करतात. बदलापूरला शिरगावात राहायला आलो तरी बाबा दर सोमवारी अंबरनाथच्या शिवमंदिरात जातात आणि मग हे दोघं आवारात गप्पा मारत बसतात. त्या सोमवारी मित्रांनी गप्पा मारल्या नाहीत. मोबाइल काढला आणि एक मेल दाखवला. त्या कंपनीकडून आलेल्या रंगाचा टेस्ट रिपोर्ट होता. माल पास, असं लिहिलेलं. त्या पास मालानं त्यांच्या सगळ्या जीन्सवर डाग पडले होते. मेलच्या खाली माझं नाव होतं. पूर्ण नाव, मधलं बाबांचं आणि शेवटी आमचं आडनाव.

"फोरमनसाहेबांची मुलगी आहे म्हणून मी डोळे मिटून विश्वास ठेवला, असं म्हणाला तो," बाबा म्हणाले. "आणि उठून गेला गं. मला न घेता गेला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता ही आग कशी होती हे कळायला मी ती नोकरी का सोडली ते सांगायला हवं. तिथला क्वालिटी मॅनेजर. गुळगुळीत दाढी, खिशाला दोन पेनं, कंपनीचे मालक सेठजी, त्यांच्यापुढे कमरेत वाकलेला आणि आमच्यापुढे ताठ. एकदा एक लॉट टेस्टमध्ये नापास झाला. रंग पाण्यात सुटत होता, आंधळ्यालाही दिसलं असतं. तो म्हणाला, पास लिही, ट्रक उभा आहे. मी म्हटलं, नाही लिहिणार. त्यावर तो सगळ्या लॅबसमोर, हेल्परपासून शिफ्टच्या बायकांपर्यंत सगळे ऐकत असताना म्हणाला, "तुझ्यासारख्या छप्पन मिळतात. तुझ्या नावाला विचारतो कोण इथं?"

मी एप्रन काढून टेबलावर टाकला आणि बाहेर पडले. घरी येईपर्यंत रडले नाही, घरी आल्यावर मात्र उशी भिजवली. पण एक समाधान होतं. नाव स्वच्छ घेऊन बाहेर पडले होते.

आणि ज्या नावाला कोणी विचारत नव्हतं, तेच नाव या माणसानं इतकी वर्षं सोडलंच नव्हतं! खुर्चीत नवीन मुलगी आणून बसवली आणि तिला माझाच मेलबॉक्स दिला. पार्टीला, म्हणजे माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाला, नावाची सवय असते ना. नवीन नाव कळवलं की पार्टी दहा प्रश्न विचारते, जुनी मॅडम का गेली, नवीन कोण, कुठून आली. त्यापेक्षा मॅडम गेलीच नाही असं दाखवायचं. ही आमच्या भागातल्या कारखान्यांची रीतच आहे. मी या धंद्यात आल्यावर ठिकठिकाणी पाहिली. पत्ता माणसाचा नसतो, खुर्चीचा असतो. शहाडच्या एका कारखान्यातले वारलेले अकाउंटंट दर दिवाळीला पार्टीला शुभेच्छा पाठवतात, आणि पार्टीही त्यांना 'सेम टू यू' म्हणते. त्यावर मी पोट धरून हसले होते. आता स्वतःवर आल्यावर हसू कुठं पळालं कोण जाणे.

बाबांना मी शपथेवर सांगितलं की ते रिपोर्ट माझे नाहीत. "मला माहीत आहे," ते म्हणाले. "त्याला कसं कळणार?" पुढच्या सोमवारी ते मंदिरात गेले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले. गुडघ्याला काय धाड भरली होती? त्याच संध्याकाळी जिना चढून गच्चीवर जाऊन बसले होते.

मी त्या कंपनीत फोन केला. ऑपरेटरनं मॅनेजरला जोडून दिलं. माझा आवाज ओळखून तो हसला. "अगं, ते फक्त पत्त्याचं नाव आहे. तू कशाला मनाला लावून घेतेस? तुझी जाहिरातच होते फुकटात." मी म्हटलं, नाव काढा. तो म्हणाला, बघतो. बघतो म्हणजे काय ते मला कळत नाही होय?

तेव्हापासून माझ्या मनात दुसरा विषय नव्हता. भाजी चिरताना त्याचं डोकं दिसायचं. स्कूटी सिग्नलला उभी केली की मनातल्या मनात त्याला झाप झाप झापायचे. मला सूड हवा होता, उगाच गोड शब्दात कशाला सांगू? नुसती माफी नको होती. त्याला लॅबसमोर, सेठजींसमोर, माझ्या नावासमोर उभा केलेला मला बघायचा होता.

आणि देवानं ताट वाढून समोर आणून ठेवलं. आमच्या फर्मच्या मालकांनी एका सकाळी सांगितलं, अंबरनाथची अमुक कंपनी, मेल सर्व्हर नव्यानं बसवायचा आहे, घाबरलेत फार. कोणीतरी बाहेरच्यानं सेठजींच्या मेलबॉक्समध्ये शिरून पार्टीला कळवलं होतं की आम्ही कारखाना बंद करतोय. शिरायला काही अक्कल लागली नसणार. तिथं सगळ्यांचा पासवर्ड एकच, कंपनीचं नाव आणि पुढे एकदोनतीन. मी तिथं होते तेव्हाही तोच होता.

"तुला चालेल ना तिथं जायला?" मालकांनी विचारलं. त्यांना माझी जुनी नोकरी माहीत होती.

"चालेल? धावत जाईन," मी म्हटलं.

काम काय होतं ते सोप्या शब्दात सांगते. जुन्या सर्व्हरवर नावं आणि पासवर्ड एका साध्या फाइलीत लिहिलेले असायचे आणि ती फाइल मॅनेजरच्या ताब्यात. कोण कोणाच्या नावानं शिरतंय याचं कोणाला सोयरसुतक नाही. आता आम्ही डेटाबेस बसवणार होतो. डेटाबेसमध्ये प्रत्येक माणसाची एक ओळ. त्याचं नाव, त्याचा पासवर्ड, आणि तो चालू आहे की बंद. कोणी मेल उघडायला आला की सर्व्हर डेटाबेसला विचारतो, असा माणूस आहे का? चालू आहे का? पासवर्ड जुळतो का? तिन्हीला हो आलं तरच दार उघडतं. पासवर्डही जसाच्या तसा ठेवत नाहीत, त्याची चटणी वाटून ठेवतात. वाटलेल्या चटणीतून खोबरं परत काढता येत नाही, तसा तो पासवर्ड मलाही काढता येत नाही, मॅनेजरलाही नाही. आणि शेवटची कडी अशी की जो ज्या नावानं आत आला, त्याला त्याच नावानं मेल पाठवता येतो. दुसऱ्याच्या नावानं पाठवायला गेला की सर्व्हर मेल तोंडावर फेकतो.

कामाला गेले त्या दिवशी वॉचमन तोच होता. "मॅडम, तुम्ही? एवढ्या दिवसांनी?" म्हणाला. मी म्हटलं, "मी कुठं गेले होते? रोज रिपोर्ट पाठवते की." त्याला काही कळलं नाही. त्याची काय चूक, मी आतून नुसती उकळत होते.

मॅनेजरनं मला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला, पण सेठजी शेजारी होते म्हणून लगेच हसू चिकटवलं. जुन्या युजरची यादी त्यानं माझ्यापुढे सरकवली. मी ती एकेक करून डेटाबेसमध्ये भरायला घेतली, आणि मधेच माझं नाव आलं. माझ्या हातांनी मी माझं नाव भरत होते, त्यांचा नोकर म्हणून! तो माझ्या खांद्यावरून वाकून हळूच म्हणाला, "ते तसंच राहू दे. मी नंतर बघतो."

खरं सांगते, त्या क्षणी हात शिवशिवत होते. त्याच्या नावापुढे 'बंद' एवढं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्याच मेलबॉक्सबाहेर उपाशी बसला असता. पण त्यात काय मजा? आमच्या फर्मला फोन आला असता, चूक झाली म्हणून परत चालू करावं लागलं असतं, वर मीच तोंडघशी पडले असते. शिवाय त्यानं केली तीच लबाडी मी केली असती. मी म्हटलं, "बरं. राहू दे."

मग मी सेठजींकडे गेले. म्हातारा माणूस, कामाला वाघ, पण कॉम्प्युटरला घाबरतो. मी विचारलं, "सेठजी, पासवर्ड कोणी ठरवायचे?"

"ज्याचं नाव, त्याचाच पासवर्ड," ते टेबलावर हात आपटून म्हणाले. "दुसऱ्या कोणाला सांगायचा नाही. मला पण नाही सांगायचा, समझी बेटा? सगळ्यांना इथं बोलवा, माझ्यासमोर करा. जो नाही आला, त्याचं बंद." मॅनेजर शेजारी उभा राहून मान हलवत होता. "बरोबर, सेठजी, एकदम बरोबर." मी मनात म्हटलं, हलव बाबा, हलव.

दुपारी मीटिंगच्या खोलीत जत्रा भरली. सेठजी स्वतः यादीतून नावं पुकारत होते. प्रत्येक जण यायचा, माझ्या लॅपटॉपसमोर बसायचा, आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी राहायचे. डिस्पॅचच्या काकांनी पासवर्ड मोठ्यांदा बोलत बोलत टाइप केला, परत करायला लावला. अकाउंट्सच्या बाईंनी तळहातावर लिहून घेतला. स्टोअरवाल्यानं विचारलं, "देवाचं नाव टाकलं तर चालेल का, चोराला पाप लागेल?" सगळे खो खो हसले. मीसुद्धा हसले, पण कान सेठजींच्या आवाजाकडे होते, कारण यादी खाली खाली सरकत होती.

आणि सेठजींनी माझं नाव पुकारलं. पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट.

कोपऱ्यातली एक मुलगी अर्धी उठली. सडपातळ, लॅबचा एप्रन घातलेली. मॅनेजरनं तिला डोळ्यांनी खाली बसवलं आणि म्हणाला, "सेठजी, हे नंतर घेऊ."

"नंतर का? कोण आहे ही? बोलवा."

"मी," मी म्हटलं. "मीच आहे, सेठजी. मी ही कंपनी कधीच सोडली. या साहेबांनी नापास माल पास लिहायला सांगितला म्हणून सोडली. तरी तुमच्या कंपनीतून आजपर्यंत माझ्या नावानं रिपोर्ट जातात. उल्हासनगरच्या जीन्सवाल्यांकडे माझ्या नावानं खराब रंग पास होऊन गेला. त्यांनी माझ्या बाबांच्या तोंडावर त्यांना खोटारड्या मुलीचा बाप ठरवलं. विचारा साहेबांना, ते रिपोर्ट कोणी लिहायला लावले."

अकाउंट्सच्या बाई तळहात मिटून बसल्या. मॅनेजरनं खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं. "तो फक्त पत्ता आहे, सेठजी. पार्टीला सवय—"

"पत्त्याला आडनाव असतं का हो?" मी विचारलं. आवाज चढला होता आणि मला तो उतरवायचाही नव्हता. "छप्पन मिळणार होत्या ना? मग एकीचंही नाव लावावंसं वाटलं नाही? माझंच लागलं?"

सेठजींनी मॅनेजरकडे रोखून पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटा, धंदा आहे. झालं ते झालं. नाव काढून टाक, खतम." आणि चहा मागवला. चहावर मिटवायला निघाले होते!

"काढते," मी म्हटलं. "पण नियम तुमचाच आहे. ज्याचं नाव, त्याचाच पासवर्ड. आधी मी माझा टाकणार, सगळ्या पार्ट्यांना कळवणार की ते रिपोर्ट माझे नव्हेत, आणि मग माझ्या हातानं बंद करणार."

"सगळ्यांना नाही," ते घाईनं म्हणाले. "अरे, मार्केटमध्ये वाट लागेल. एकाला कळव. ज्याचा माल खराब झाला, त्याला. हे माझ्याकडून, मंजूर."

मी लगेच हो म्हटलं. एकालाच! पण उल्हासनगरच्या जीन्सच्या धंद्यात त्या एकाला कळलं म्हणजे शहरभर, कॅम्प नंबर एकपासून पाचपर्यंत सगळ्यांना कळलं, हे सेठजी घाबरल्यामुळे विसरले असावेत. मी आठवण करून दिली नाही. माझ्या ओळीत मी पासवर्ड टाकला आणि नोकरी सोडल्यानंतर पहिल्यांदा माझ्याच नावाच्या मेलबॉक्समध्ये मी स्वतः शिरले. आत माझ्या नावानं केवढे रिपोर्ट, केवढं गोडगोड बोलणं! 'आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहे.' मी कधी कोणाची आभारी नव्हते हो. मी लिहिलं की मी ही नोकरी सोडलेली आहे, तुमच्याकडे आलेला रिपोर्ट मी तपासलेला नाही आणि लिहिलेला नाही, माझ्या बाबांचा यात काही दोष नाही. सेठजींनी वाचलं, सुस्कारा टाकला आणि हातानंच जाऊ दे म्हणाले. मी पाठवला.

चहा यायच्या आत सेठजींचा मोबाइल वाजला. पलीकडून सिंधीत एवढ्या जोरात चाललं होतं की सेठजींनी फोन कानापासून लांब धरला. मला सिंधी जेमतेम समजते, पण त्यात बाबांना हाक मारतात तो 'फोरमनसाहेब' शब्द मी स्वच्छ ऐकला. मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं होतं. काय गार वाटलं म्हणून सांगू! मी तो चहा बशीत ओतून, फुंकर मारून, सावकाश प्यायले. मग माझ्या नावापुढे 'बंद' केलं आणि सर्व्हरला विचारून बघितलं. दार उघडेना. माझा पासवर्ड बरोबर असूनही उघडेना. झकास.

लॅपटॉप मिटणार तेवढ्यात ती कोपऱ्यातली मुलगी जवळ आली. "मॅडम, मग मी कुठून लॉगिन करू? माझं नाव यादीत नाहीये."

इतकी वर्षं रोज काम करत होती, आणि डेटाबेसमध्ये तिची ओळच नव्हती. तिच्यावरही माझा राग होता, खोटं कशाला बोलू? माझ्या नावाखाली 'पास' टाइप करणारी बोटं तिचीच. पण ती म्हणाली, "मला पार्टीचे फोन यायचे ना, तर मी तुमचंच नाव सांगायचे. साहेबांनी सांगितलं होतं. घरी आई विचारते, ऑफिसात तुझं नाव काय गं?" चामटोली गावाहून येत होती रोज. मी तिला शेजारी बसवलं, तिचं नाव विचारलं आणि तिची ओळ तयार केली. भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. बराच वेळ टकटक चालली होती.

सगळे पांगले. सेठजी आपल्या केबिनमध्ये गेले. मी वायरी गुंडाळत होते, तेव्हा मॅनेजर आत आला. मी तिथं आहे याची पर्वा न करता तो त्या मुलीला म्हणाला, "दुपारचा लॉट निघालाय. रिपोर्ट पाठव. पास टाक."

"सर, त्याचा रंग सुटतोय," ती म्हणाली. "मी सकाळीच सांगितलं होतं."

"तुला टाकायला सांगितलंय ना? ट्रक उभा आहे."

तेच शब्द. तोच ट्रक. माझे हात वायरीवर थांबले. मुलीनं स्क्रीनकडे पाहिलं. वरच्या कोपऱ्यात तिचं नाव होतं, तिच्या वडिलांच्या नावासकट. तिनं खुर्ची मागे सरकवली आणि उठली.

"सर, आता हे माझं नाव आहे. तुम्हीच पाठवा, तुमच्या नावानं."

तो तिच्या खुर्चीत बसला. तिच्या मेलमधून बाहेर पडला, सवयीनं माझं नाव टाइप केलं, जुना एकदोनतीनचा पासवर्ड टाकला. दार बंद. मग स्वतःच्या नावानं आत गेला, रिपोर्ट जोडला, वर पाठवणाऱ्याच्या जागी माझा पत्ता घातला. सर्व्हरनं मेल परत फेकला. हे सगळं मीच बसवलं होतं, मला बोलायची गरज काय?

शेवटी पाठवणाऱ्याच्या जागी त्याचं स्वतःचं नाव उरलं. खाली 'पास' लिहिलेलं. तो बघत बसला. मग मान वळवून त्यानं मला विचारलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मॅडम म्हणून विचारलं, "मॅडम, हे माझ्याच नावानं जाणार का?"

"हो," मी म्हटलं.

त्यानं 'पास' खोडलं. बाहेर जाऊन ट्रकवाल्याला सांगितलं की आज माल नाही.

पुढच्या सोमवारी बाबांचा गुडघा बरा झाला.